जाळीतलं बारा किलो लोखंड : नाशिकच्या १२२ नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय नगरसेविका व नगरसेवक,
नाशिक महानगरपालिका, राजीव गांधी भवन, नाशिक.

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत तुम्ही निवडून आलात, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. मार्च २०२२ पासून महापालिकेत सभागृहच नव्हतं. जवळपास चार वर्षं सगळं काही प्रशासकच होते, त्यामुळे पथदिवा बंद पडला तर ओरडायचं कोणाच्या नावानं हेच कळत नव्हतं. आता नाव आहे, चौकातल्या फ्लेक्सवर फोटोही आहे. माझ्या प्रभागात मला चार मतं होती. त्यातली दोन लागली, दोन वाया गेली. तेव्हा हा कोणाचा माणूस, हे शोधण्यात वेळ घालवू नका.

आणखी एक. तुमच्यातल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. हे पत्र ताईंच्याच हातात पडू द्या. ‘भाऊ बघतील’ म्हणून बाजूला ठेवलं, तर ते भाऊंच्या गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हानं पिवळं पडेल.

माझा अंबडला फॅब्रिकेशनचा गाळा आहे. मला धरून अकरा माणसं. शेडचे ट्रस, मशीनचे स्टँड, ग्रिल, गेट आणि रस्त्याकडेच्या पावसाळी गटारावर बसवतात त्या लोखंडी जाळ्या, ही आमची कामं. मला भ्रष्टाचारावर भाषण करायचं नाही. ते तुम्ही प्रचारात माझ्यापेक्षा चांगलं केलंत. मला जाळीबद्दल बोलायचं आहे.

या जाळीत लोखंडी पट्टी उभी लावतात. टेंडरमध्ये लिहिलेलं असतं ५० बाय ६, म्हणजे ५० मिलिमीटर उंच आणि ६ मिलिमीटर जाड. ही पट्टी मीटरला २.३६ किलोच्या आसपास भरते. तिच्या जागी ४० बाय ५ लावली तर मीटरला १.५७ किलो. एका जाळीला साधारण पंधरा मीटर पट्टी लागते, म्हणजे जाळीमागे बारा किलो लोखंड वाचलं. तिसरा हिस्सा. रेड ऑक्साइड मारून, वर काळा रंग देऊन जागेवर बसवली की दोन्ही जाळ्या सारख्याच दिसतात. वरून दिसते ती नुसती कड. पाच मिलिमीटर आणि सहा मिलिमीटर यांतला फरक मोटरसायकलवरून जाणाऱ्याला काय कळणार?

आता पुढचा हिशेब बघा. उभ्या पट्टीची ताकद तिच्या जाडीवर असते आणि उंचीच्या वर्गावर, म्हणजे उंची गुणिले उंचीवर असते. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगाही कागदावर करून दाखवील की ५० बाय ६ च्या तुलनेत ४० बाय ५ ची ताकद जेमतेम ५३ टक्के भरते. लोखंड चोरलं ३३ टक्के आणि जाळी कमजोर झाली ४७ टक्के. मधल्या १४ टक्क्यांचं काय झालं? ते कोणाच्या खिशात गेले नाहीत. त्यातून कोणाचा फ्लॅट झाला नाही, कोणाच्या पोराची डोनेशन भरली गेली नाही. ते कोणालाच मिळाले नाहीत, नुसते गेले.

चहाच्या टपरीवर माझा एक मित्र नेहमी म्हणतो, “खाऊ दे ना रे. खाल्लेला पैसा कुठं जातो? गंगापूर रोडला फ्लॅट घेतात, गाड्या घेतात, हॉटेलात जातात. पैसा नाशिकमध्येच फिरतो. गवंड्याला काम, वेटरला काम.” त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चोरलेला पैसा फिरतोच. पण वाकलेली जाळी फिरत नाही. तिच्यात पिकअपचं चाक अडकतं, एक्सल जातो, टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर आणि मागे अर्धा तास ट्रॅफिक. तो अर्धा तास कोणी खाल्ला? शहराची प्रगती खुंटते ती खाल्लेल्या पैशापेक्षा या न खाल्लेल्या नुकसानीमुळे, असं माझं मत आहे. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

आता माझी गोष्ट. ती नाशिक महापालिकेची नाही, या जिल्ह्यातलीही नाही. एका सार्वजनिक कार्यालयाची आहे आणि त्याचं नाव मी घेणार नाही. १२० जाळ्यांचं काम होतं, बिल ४ लाख ८० हजार. माल दिला, वजन करून दिला, पट्टी ५० बाय ६. बिल टाकलं. पहिले दोन महिने मोजमाप पुस्तिकेवर सही नव्हती. मग सही झाली तर पुस्तिका सापडेना. मग साहेब ट्रेनिंगला. मग निधी नाही. मग मार्चअखेर. मग नवे साहेब आले आणि ‘मी बघितल्याशिवाय कसं सोडू’ म्हणाले. एकदा टेबलावरच्या माणसानं फाइल दोन बोटांत धरून माझ्यासमोर हलवली आणि हसत म्हणाला, “शेठ, फाइल फार हलकी आहे हो. पंखा लागला की उडते.”

जाळीचं वजन बरोबर होतं. फाइलचं कमी पडलं होतं.

मागणी पाच टक्क्यांची होती, म्हणजे २४ हजार. मी अडून बसलो. माझं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं बँकेचं कर्ज, बारा टक्क्यांचं. चौदा महिन्यांत ४ लाख ८० हजारांवर व्याज झालं ६७ हजार २००. चौदाव्या महिन्यात मी २४ हजार दिले आणि तिसऱ्या दिवशी रक्कम खात्यात आली. म्हणजे प्रामाणिकपणाचा दर लाचेच्या जवळपास तिप्पट होता, आणि शेवटी मी दोन्ही भरले. पहिल्याच दिवशी पाकीट दिलं असतं तर फायद्यात राहिलो असतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आकडे असेच आहेत.

कायद्यानं मीही गुन्हेगार. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही दोषी ठरतो. नाइलाजानं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं, म्हणजे सुटका. मी कळवलं नाही. लाचलुचपत विभागाचा १०६४ हा नंबर मला पाठ आहे, पण फिरवला नाही. सापळा लागला असता, नोटांना पावडर, हात धुतल्यावर गुलाबी पाणी, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी. तिसऱ्या दिवशी माझ्या पुढच्या बिलाला हात कोणी लावला असता? भित्रा म्हणा हवं तर.

त्या वर्षी मी एक मिग वेल्डिंग मशीन घेणार होतो आणि आयटीआयची दोन मुलं ठेवणार होतो. मशीन आलं नाही, मुलंही आली नाहीत. त्याच कार्यालयाचं पुढचं टेंडर मी भरलंच नाही. ज्यानं घेतलं त्यानं अंदाजपत्रकापेक्षा २८ टक्के बिलोनं घेतलं. त्या दरात ५० बाय ६ देता येत नाही. मला लोखंडाचा भाव कळतो, त्यालाही कळतो आणि मंजूर करणाऱ्यालाही कळतो. म्हणजे टक्केवारीनं काय केलं? ज्याला जाळी नीट बनवता येते त्याला बाजूला काढलं आणि ज्याला फाइल नीट सरकवता येते त्याला आत घेतलं. असं वीस वर्षं चाललं की शहरात कोणत्या प्रकारचे धंदेवाले उरतात, याचा विचार करा. दिवसभर वेल्डिंगच्या धुरात उभा राहणारा माणूस मुलाला सांगतो, “गाळा चालवू नकोस, लायझनिंग कर.” मी हे वाक्य ऐकलेलं आहे. बोलणारा माझ्यापेक्षा चांगला कारागीर होता.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, अर्थशास्त्र परीक्षेपुरतं. पण त्या चौदा महिन्यांत चिडून बरंच वाचलं. नथॅनिएल लेफ आणि सॅम्युअल हंटिंग्टन या अमेरिकी अभ्यासकांनी अनुक्रमे १९६४ आणि १९६८ मध्ये असं मांडलं होतं की जिथं नियम अवजड आणि प्रशासन ढिम्म, तिथं लाच वंगणासारखी काम करते. आपल्याकडे त्यांचं काही न वाचताही सगळे हेच म्हणतात. मी मशीनवाला माणूस आहे, वंगणाचं महत्त्व मला सांगायला नको. पण जो तेल विकतो त्याच्याच हातात नट आवळायचा पाना असेल तर तो काय करील? आधी आवळील. माझ्या फाइलला गंज लागलेला नव्हता. ती मुद्दाम आवळलेली होती.

पुढे पाओलो मौरो या अर्थतज्ज्ञानं १९९५ मध्ये बऱ्याच देशांचे आकडे एकत्र ठेवले तेव्हा दिसलं की जिथं भ्रष्टाचार जास्त तिथं गुंतवणूक कमी आणि त्यामागोमाग वाढीचा वेगही कमी. हे अपेक्षितच होतं. मला चाट पाडलं ते त्यांच्या नंतरच्या कामानं : भ्रष्ट सरकारं शिक्षणावर तुलनेनं कमी खर्च करतात. आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या विटो तांझी आणि हमीद दावूदी यांनी १९९७ मध्ये दाखवलं की भ्रष्टाचार असलेल्या ठिकाणी बांधकामावरचा सरकारी खर्च कमी होत नाही, उलट वाढतो. कमी होते ती देखभाल, आणि रस्त्यांची प्रत घसरते. का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. नवीन कामात एक टेंडर, एक ठेकेदार, एक भूमिपूजन, एक टक्का. गटार वर्षातून दोनदा उपसायचं, वॉल्व्हला वायसर टाकायचं, शाळेत गणिताचा शिक्षक भरायचा, यात कोणाला काय काढता येणार?

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण हसून सोडून देतो. चाखण्याबद्दल आजोबांच्या काळापासून कोणाची फारशी हरकत नव्हती. पण तळं कुठं खणायचं, किती खोल खणायचं आणि भरलेलं तळं बुजवून दुसरं कधी खणायचं, हे चाखणारा ठरवू लागला की गावाला पाणी मिळत नाही.

आपल्याच रामकुंड परिसराचं उदाहरण घ्या. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत गोदावरीच्या जुन्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं. पुढं ते काढा म्हणून नागरिक उच्च न्यायालयात गेले आणि स्मार्ट सिटीच्या काळात काही कुंडांतलं काँक्रीट फोडून काढलं. यात कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. मी फक्त हिशेब मांडतो. ओतलं तेव्हा सिमेंट खपलं, मजुरी मिळाली, उत्पन्नाच्या आकड्यात भर पडली. फोडलं तेव्हाही डंपर लागले, मजुरी मिळाली, पुन्हा भर पडली. दोन्ही वेळा विकास झाला. कुंड मात्र जिथं होतं तिथंच आलं, तेही काहीच ठिकाणी. विकासदर म्हणजे काय, हे मला कॉलेजपेक्षा गोदाघाटावर जास्त कळलं.

अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. तो ज्यांनी सोसला त्यांना आठवतो.

आणि आता पुन्हा सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. हजारो कोटींची कामं. तुम्ही म्हणाल, त्यासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळं प्राधिकरण आहे, आमच्या हातात काय? बरोबर आहे. पण साधू-महंत गेले, व्हीआयपी गेले, की ते रस्ते, ते पूल, त्या मलवाहिन्या कोणाच्या पदरात पडणार? तुमच्या. पुढची दहा-बारा वर्षं खड्डा बुजवायचा खर्च महापालिकेचा आणि शिव्या तुमच्या. सासरे कर्ज काढून लग्न लावून देतात, हप्ते मात्र जावयाला भरावे लागतात, तसं आहे हे. तेव्हा लग्नाच्या याद्या आताच वाचायचा हक्क तुम्हाला आहे.

‘वेळ नाही’ हे वाक्य येत्या वर्षात तुम्ही रोज ऐकाल. तातडीची बाब म्हणून तपासणी नंतर, मोजमाप नंतर, आधी काम उरकू. हे शहर २७ ऑगस्ट २००३ विसरलेलं नाही. त्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले. या गावात बॅरिकेडच्या पाइपाची जाडी ही किरकोळ बाब होऊ शकत नाही. पाइपही आमच्यासारखेच लोक बनवतात आणि पाइपही रंग मारल्यावर सारखेच दिसतात.

तुमच्यातला एखादा अभ्यासू सदस्य म्हणेल, मग बांगलादेश कसा वाढला? ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था देशांची भ्रष्टाचाराची यादी काढते, तिच्यात २००१ ते २००५ अशी सलग पाच वर्षं तो तळाला होता आणि त्याच वर्षांत त्याची अर्थव्यवस्था सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास वाढत होती. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या इंडोनेशियात तर तीस वर्षं सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढ झाली, सत्ताधारी घराण्याचा हात प्रत्येक धंद्यात असताना. खरं आहे. भ्रष्टाचार असला की वाढ होतच नाही, असं म्हणणारा खोटं बोलतो. जाळी ५३ टक्के ताकदीची असली तरी स्कूटर तिच्यावरून जातेच, वर्षानुवर्षं जाते. ट्रक येतो त्या दिवशी कळतं. इंडोनेशियात १९९७ साली ट्रक आला, म्हणजे आशियातलं आर्थिक संकट. १९९८ मध्ये अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे १३ टक्क्यांनी आकसली आणि मे महिन्यात सुहार्तोंना जावं लागलं. बँकांनी कर्जं धंदा बघून दिली होती की नातं बघून, हे त्या वर्षी उघडं पडलं.

भारताचा त्या यादीतला नंबर २०२४ मध्ये १८० देशांत ९६ वा, गुण १०० पैकी ३८. मला त्या नंबराचं फारसं कौतुक नाही, तो शेवटी लोकांच्या समजावर काढलेला आकडा आहे. माझ्या फाइलचं काय झालं हे त्यात येत नाही.

मग करायचं काय? इथंही इंडोनेशियाच कामाला आला. बेंजामिन ओल्केन नावाच्या संशोधकानं तिथल्या सहाशेहून जास्त गावांत सरकारी पैशातून होणाऱ्या रस्त्यांवर एक प्रयोग केला. काही गावांना आधीच सांगितलं की तुमच्या रस्त्याची सरकारी तपासणी नक्की होणार. एरवी ही शक्यता शंभरात चार होती. दुसऱ्या काही गावांत लोकांना सभेला बोलवायचं, हिशेबावर प्रश्न विचारू द्यायचे, असं ठेवलं. मग इंजिनिअर नेले, तयार रस्त्यांना ठिकठिकाणी भोकं पाडली, आत किती खडी, किती वाळू आहे ते मोजलं आणि कागदावरच्या खर्चाशी ताडून बघितलं. जिथं तपासणी नक्की होती तिथं शंभरातले आणखी आठ रुपये रस्त्यातच राहिले. जिथं नुसत्या सभा झाल्या तिथं सरासरीनं फारसा फरक पडला नाही. हे २००७ मध्ये छापून आलं. मी वाचलं आणि थोडा हिरमुसलो, कारण जनसुनावणी, प्रभाग सभा यांवर माझा विश्वास होता. अजूनही थोडा आहे. पण भोक पाडणाऱ्या मशीनवर जास्त बसला.

कोअर कटिंगचं ते मशीन आपल्याकडेही आहे, काँक्रीट रस्त्याला वापरतातच. प्रश्न फक्त भोक कुठं पाडायचं हे कोण ठरवतो याचा आहे. ठेकेदाराला ती जागा आधी माहीत असेल तर तेवढा तुकडा तो आईच्या मायेनं करतो. म्हणून माझी पहिली मागणी अशी : भोकाची जागा चिठ्ठी टाकून काढा. भर चौकात, रस्ता झाल्यावर, लोकांसमोर. स्थायी समितीच्या सोळांपैकी निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात ना? चिठ्ठीची पद्धत तुमच्या ओळखीची आहे. तीच साखळी-क्रमांकाला, म्हणजे रस्त्यावरच्या अंतराच्या आकड्याला लावा. आणि तो सिलिंडरसारखा तुकडा प्रयोगशाळेतून परत आला की निकालासकट प्रभाग कार्यालयात काचेत ठेवा.

स्थायी समितीवरून आठवलं. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञानं १९९३ मध्ये भटका लुटारू आणि ठाण मांडलेला लुटारू असा भेद केला होता. आपल्याला तो पेंढाऱ्यांवरून समजतो. पेंढारी एकदाच येतो, म्हणून बियाण्याचं धान्यही नेतो. कायम राहणारा वतनदार बियाणं ठेवतो, कारण पुढच्या हंगामात त्यालाच वसूल करायचं असतं. सभापतिपद एक वर्षाचं. आता माझी चेष्टा समजा नाहीतर काळजी समजा, पण एका वर्षाच्या खुर्चीत बसणाऱ्यानं बियाण्याकडे बघू नये एवढी अपेक्षा आहे.

दुसरी मागणी बिलांची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. जाळी हलकी होते ती गटारावर नाही, बिलाच्या टेबलावर होते. ज्याला पैसे कधी मिळतील हे माहीत नाही, तो दर वाढवून भरतो किंवा माल कमी घालतो. प्रामाणिक ठेकेदार घाबरतो तो टक्क्याला नाही, तारखेला. म्हणून बिलांची ज्येष्ठता यादी लावा. कोणतं बिल कोणत्या तारखेला आलं, आज कोणत्या टेबलावर आहे, किती दिवस आहे. रेल्वेची वेटिंग लिस्ट पोराटोरांना मोबाइलवर दिसते, मग महापालिकेची का दिसू नये? यादीतला सत्तेचाळिसावा माणूस तिसऱ्या दिवशी पैसे घेऊन गेला, तर बाकीचे सेहेचाळीस आपोआप ओरडतील. त्यांना जागृत करायला शिबिर घ्यावं लागणार नाही.

ठराव करा. महासभेत बहुमतानं नाही, एकमतानं करा. विरोधकांना यात विरोध करायला काय आहे?

युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठी निघालेल्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोचत होते. मग सरकारनं कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सुटले हे वर्तमानपत्रात छापायला आणि शाळेच्या दारावर लावायला सुरुवात केली. काही वर्षांत पोचणारा पैसा ८० टक्क्यांच्या पुढे गेला. पुढे काही जणांनी सांगितलं की सगळं श्रेय वर्तमानपत्राला नाही, सोबत इतर सुधारणाही चालू होत्या. असेल. पण हेडमास्तरला आकडा कळला, म्हणून तो मागायला गेला, एवढं तर नक्की.

आपल्याकडेही कामाच्या ठिकाणी फलक असतो. त्यावर कामाचं नाव, रक्कम आणि ‘यांच्या प्रयत्नातून’ असतं. प्रयत्न कोणाचे होते हे ठळक, काँक्रीट किती इंच हे नाही. तुमचा फोटो राहू द्या, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच्या खाली जाडी लिहा, पट्टीचं माप लिहा, जाळीचं वजन लिहा, आणि दोष दायित्व कालावधी कोणत्या तारखेला संपतो ते लिहा. म्हणजे खड्डा पडला तर आम्हाला कळेल की तो ठेकेदाराच्या खर्चानं बुजवायचा की आमच्या घरपट्टीतून.

तुमच्यातल्या ज्येष्ठांना जकात नाके आठवत असतील. ट्रकच्या रांगा, पावत्या, आणि राज्यात कुठल्याही नाक्यावर पावतीशिवायचं जे काही चालायचं ते. २०१३ मध्ये इथली जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, मग २०१७ मध्ये जीएसटी. नाक्यावरच्या माणसाचं मनपरिवर्तन झालं म्हणून चिरीमिरी थांबली का? नाका गेला, चिरीमिरी गेली. माणसं तीच होती. म्हणून माणसं चांगली हवीत वगैरे मी म्हणत नाही. नाके शोधा. ऑनलाइन अर्ज केल्यावर ‘एकदा येऊन भेटा’ असा फोन जिथून येतो, तो नाका. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तुमच्या प्रभागात असा अर्ज किती दिवसांत निकाली निघतो, हे दर महिन्याला विचारायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

आम्हा धंदेवाल्यांबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये आम्ही भ्रष्टाचाराविरुद्ध टाळ्या वाजवतो आणि बाहेर पार्किंगमध्ये एकमेकांना विचारतो, “तुझं काम कोणी करून दिलं, नंबर दे ना.” तीन कोटेशन एकाच कॉम्प्युटरवर टाइप करणारे आम्हीच. पट्टी ४० बाय ५ ची कापतो तो हातही आमचाच. माझ्या गाळ्यात ती कधीच कापली गेली नाही, असं मी छातीठोक सांगितलं तर माझाच फोरमन हसेल. एकदा कापली. पंचवीस जाळ्या. त्या कुठं बसल्या आहेत मला माहीत आहे, आणि त्या रस्त्यानं जाताना मी गाडी थोडी आतून घेतो.

माझ्या गाळ्यात ३०० किलोचा वजनकाटा आहे, वैधमापनचा शिक्का मारलेला. तुमच्या प्रभागातली कोणतीही एक जाळी उचलून आणा. सोबत टेंडरमधलं तिचं पान आणा. वजन मी फुकट करून देईन, वर चहा. रविवार सोडून कधीही या, दहानंतर. फक्त एकाला दोघं या. जाळी नियमाप्रमाणे असेल तर ती एकट्याला उचलणार नाही.

आपला,
अंबडमधला एक फॅब्रिकेटर